परत घेतलेली पत्रं

नको ते समोर आलं की साहेब चष्मा काढायचे. काच पुसायला नव्हे. काढायचा, घडी करायची, सदऱ्याच्या खिशात ठेवायचा आणि शांतपणे म्हणायचे, "आता दिसत नाही. बरं वाटतं." चष्म्याशिवाय त्यांना हातभर अंतरावरचा माणूसही धूसर दिसायचा. आमच्या कचेरीत ते दिवसातून दोनतीनदा तरी स्वतःला असे आंधळे करून घेत.

बनारसमधल्या एका सरकारी खात्यात मी टंकलेखक होतो. नव्वदच्या दशकातली गोष्ट. अपंगांसाठी नवा कायदा झाला होता आणि त्यांना नोकऱ्या लावून देण्यासाठी आमच्या खात्यात एक कक्ष उघडला होता. म्हणजे एक खोली, दोन कपाटं, मी, आणि कक्षाचे अधिकारी म्हणून हे साहेब. झाशीला वाढलेले, वडील रेल्वेत. मी दुर्गाघाटावरचा, भटजींच्या घरातला. पहिल्याच दिवशी माझं आडनाव वाचून ते मराठीत म्हणाले, "चला, चिडायला घरची भाषा मिळाली." त्यानंतर खात्याबद्दलचा सगळा राग त्यांनी माझ्याशी मराठीतच काढला. बाकीच्यांशी ते अतिशय अदबीची हिंदी बोलत.

अशा कक्षांमध्ये काय चालतं ते तुम्हीही कुठे ना कुठे पाहिलं असेल. आंधळा आला की खुर्ची विणायला, लंगडा आला की पानाची टपरी, मुका आला की "उद्या ये." आधी डॉक्टरांच्या मंडळाचं प्रमाणपत्र आणायचं. आमच्या गल्लीतली कुसुम त्या मंडळापुढे गेली तेव्हा आम्ही दोघं बरोबर होतो. तिला लहानपणी पोलिओ झालेला, दोन्ही पाय गेलेले, कुबड्यांवर चालायची. संस्कृत घेऊन एम. ए. झालेली. तिला साहेबांकडे मीच आणलं होतं.

मंडळातल्या एकाने कागदावरून मान वर न करता सांगितलं, "बैसाखी छोड़ के चलकर दिखाओ."

"मला चालता येत नाही म्हणूनच आलेय," कुसुम हिंदीत म्हणाली.

"वह तो हम देखेंगे."

तिने कुबड्या भिंतीला टेकवल्या, जमिनीवर बसली आणि हातांवर सरकत दारापर्यंत जाऊन परत आली. फरशीवर पानाच्या पिचकाऱ्या होत्या. साडीचा काठ लाल झाला. साहेबांनी चष्मा काढला होता. बाहेर आल्यावर ते नळावर गेले, हात धुतले, पुन्हा धुतले. "किळस येते रे," मला म्हणाले. "तिची नाही. आपली."

त्या दिवसानंतर त्यांनी एक काम सुरू केलं. त्याला ते 'शेजार' म्हणत. गावातल्या वेगवेगळ्या खात्यांचे पाचसहा अधिकारी त्यांनी गाठले. एक पोस्टमास्तर, एक पाणीपुरवठ्याचे इंजिनिअर, वीज खात्यातले एक, बाकी आणखी दोनतीन. महिन्यातून एकदा एकाच्या कचेरीत सगळ्यांनी जायचं आणि तिथे अपंग माणूस कसा काम करतो ते पाहायचं. "शेजाऱ्याच्या चुलीवर काय शिजतंय ते बघण्यात कमीपणा कसला?" असं ते प्रत्येकाला म्हणत. नियम दोनच. भाषण नाही, आणि काम बघून होईपर्यंत चहा नाही. दुसऱ्या नियमामुळे एक जण गळाला.

पहिली फेरी पोस्टमास्तरांकडे होती. त्यांच्याकडे एका हाताचा एक माणूस टपालाची गावांप्रमाणे वर्गवारी करायला होता. अधिकारी पोस्टमास्तरांना विचारू लागले, याला जमतं कसं? साहेब म्हणाले, "त्यांना काय विचारता? हा समोर उभा आहे ना."

तो माणूस आधी बावरला. मग म्हणाला, "छाँटना तो एक हाथ का ही काम है, साहब. थैली नहीं बँधती. थैली दुबेजी बाँध देते हैं, उनका रजिस्टर मैं लिख देता हूँ. उनकी लिखावट खराब है." मागे उभे असलेले दुबेजी लाजले. सगळे हसले. मी साहेबांकडे पाहिलं. त्या दिवशी चष्मा डोळ्यांवरच होता.

इंजिनिअर थोडे अहंकारी होते. त्यांच्या पंपघरात बहिरा माणूस ठेवणं अशक्य आहे असं त्यांनी ठणकावून सांगितलं, कारण पाण्याची पातळी वाढली की घंटा वाजते. वीज खात्यातले गृहस्थ जरा वेळ विचार करून म्हणाले, "घंटेच्या जोडीला लाल दिवा लावा. माझा माणूस उद्या पाठवतो." निघताना इंजिनिअर म्हणाले, "तसाही त्या खोलीत आवाज एवढा आहे, की ऐकू येणाराही वर्षभरात बहिरा होतो."

असं वर्षभर चाललं. फार लोकांना नोकऱ्या लागल्या असं मी म्हणणार नाही. पण हे अधिकारी एकमेकांना फोन करून विचारू लागले, तुमच्याकडे टेबल किती उंच आहे, दाराचा उंबरा कसा काढला. सरकारी कचेऱ्यांत असे फोन होताना मी त्याआधी ऐकले नव्हते, त्यानंतरही नाही.

ही बातमी आमच्या मोठ्या साहेबांच्या कानावर गेली, आणि घाण तिथून सुरू झाली. एवढं चांगलं काम बिनबोभाट चाललंय हे त्यांना सहन होईना. संमेलन भरवायचं ठरलं. 'अनुभव-विनिमय' असं त्याचं भारदस्त नाव. लखनौहून बडे लोक येणार, सगळ्या जिल्ह्यांचे अधिकारी येणार, एकमेकांकडून शिकणार. साहेबांनी तीन वेळा लिहून दिलं की शिकायचं असेल तर पंपघरात चला. उत्तर आलं नाही. त्यांच्याकडे फक्त उमेदवारांना हजर करण्याचं काम सोपवलं गेलं.

त्या दिवसाचं मला सगळं आठवतं आणि आठवलं की अजून तोंडाला कडवटपणा येतो. व्यासपीठाच्या एका बाजूला जाजम अंथरून अपंग उमेदवारांना सकाळपासून बसवलं होतं. बडे लोक आले दुपारी. उन्हाळा होता. कुसुमने मला खुणेने पाणी मागितलं. मी आणायला गेलो तर मोठ्या साहेबांच्या खास कारकुनाने अडवलं. म्हणाला, "पानी मत दो. फिर सबको बाथरूम ले जाना पड़ेगा."

मी तांब्या खाली ठेवला. तुम्ही म्हणाल, द्यायचं होतंस. हो, द्यायचं होतं.

भाषणं झाली. एकाने अपंगांना फुलांची उपमा दिली, एकाने देवाची. पुढच्या रांगेतल्या एका अधिकाऱ्याच्या शेजारी जाजमावरचा एक कुष्ठरोगातून बरा झालेला म्हातारा होता. त्या अधिकाऱ्याने भाषणभर नाकाला रुमाल लावला होता आणि टाळ्या वाजवायच्या वेळी तेवढा खाली घेत होता. मग नियुक्तीपत्रांचं वाटप झालं. एकेकाचं नाव पुकारलं गेलं, पत्र हातात, फोटो, टाळ्या. कुसुमचं नाव आलं तेव्हा तिने दोन पायऱ्या कुबड्यांवर चढून स्वतः पत्र घेतलं. पोस्टातल्या कारकुनाच्या जागेचं होतं. लेखी परीक्षा ती कधीच पास झाली होती, फाईल अडकली होती. आता सुटली असं तिला वाटलं. मलाही वाटलं.

बडे लोक जेवायला गेल्यावर तो कारकून माझ्याकडे एक ट्रे घेऊन आला. "चिट्ठियाँ वापस ले लो. अभी पक्की मंज़ूरी नहीं है. फोटो के लिए थीं."

मी विचारलं, "आणि यांना काय सांगू?"

"कह दो, मुहर लगनी है."

साहेब त्या वेळी मागच्या दाराशी त्या म्हाताऱ्यासाठी रिक्षा ठरवत होते. मी ट्रे घेतला आणि जाजमावरून फिरलो. शिक्का राहिलाय, शिक्का राहिलाय, असं म्हणत एकेकाकडून पत्र गोळा केलं. एका आंधळ्याने ते घडी करून बंडीच्या आत ठेवलं होतं. त्याने काढून देताना दोन्ही हातांनी दिलं, प्रसाद द्यावा तसं. कुसुमने विचारलं, "दादा, परत कधी मिळेल?"

"सोमवारी," मी म्हणालो.

सोमवारी सकाळी मी संमेलनाचा अहवाल टंकायला बसलो. ज्यांना पत्रं मिळाली त्या सगळ्यांना नोकरी लागली, असं त्यात होतं. कुठल्या खात्याने कुणाला घेतलं तेही नावानिशी होतं. पोस्टमास्तर, इंजिनिअर, 'शेजार'मधल्या सगळ्यांची नावं. अर्धा टंकून झाला आणि दारात कुसुम उभी राहिली. दुर्गाघाटाच्या गल्लीत गाडी येत नाही. पायऱ्या, गायी, चिखल, सगळं ओलांडून सडकेपर्यंत कुबड्यांवर, मग रिक्षा. घामाघूम झाली होती.

"दादा, शिक्का झाला?"

साहेब समोरच बसले होते. "कसला शिक्का?"

मी सांगितलं. ट्रेचंही सांगितलं. ते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता चष्मा काढतील. त्यांनी काढला नाही.

"तू गोळा केलीस?"

"हो."

"सगळी?"

"सगळी."

त्या नजरेपेक्षा त्यांनी थोबाडीत मारली असती तर परवडलं असतं. ते उठले, कुसुमला आपली खुर्ची दिली, स्वतः तिला पाणी आणून दिलं. मग माझ्या यंत्रातला कागद ओढून वाचला आणि म्हणाले, "खोटं लिहायला यांना लाज नाही. ठीक आहे. पत्रं कुठे आहेत?"

पत्रं कपाटात होती. ती फाईल काखेत मारून ते निघाले आणि मला म्हणाले, "चल. सायकल काढ."

पुढचे चार दिवस आम्ही 'शेजार'मधल्या एकेका अधिकाऱ्याच्या दारात गेलो. साहेब प्रत्येकाला अहवालाची प्रत दाखवत आणि म्हणत, "यात तुमचं नाव आहे. या माणसाला तुम्ही कामावर घेतलंय. आता एक तर हे खरं करा, नाही तर खोटं आहे म्हणून लिहून द्या."

तुम्हाला वाटेल, वर्षभर एकत्र फिरलेली माणसं, लगेच पुढे आली असतील. वीज खात्यातल्या गृहस्थांनी, ज्यांनी लाल दिवा सुचवला होता त्यांनी, आम्हाला बसा म्हटलं नाही. एकाने सांगितलं, "मुलीचं लग्न काढलंय, या वर्षी नको." एक जण मागच्या दाराने निघून गेला. ते आम्हाला खिडकीतून दिसलं. साहेब फक्त एवढंच म्हणाले, "धोतर सांभाळून पळतोय."

इंजिनिअर मात्र, ते अहंकारी इंजिनिअर, प्रत वाचून लालबुंद झाले. "माझ्या नावावर खोटं?" अहवालात त्यांच्या नावावर लावलेल्या बहिऱ्या मुलाला त्यांनी त्याच आठवड्यात पंपघरात उभं केलं, तात्पुरतं का होईना. आणि पोस्टमास्तरांनी कुसुमचं पत्र ठेवून घेतलं. मग महिनेन् महिने ते आपल्या वरिष्ठांकडे खेटे घालत राहिले, आणि तिची फाईल सुटली. बाकी पत्रं फाईलमध्येच राहिली. त्या बंडीवाल्याचंही.

साहेबांनी वर एक कडक टिपण पाठवलं. त्यात माझं नाव घातलं नाही. 'कार्यालयाने पत्रं परत घेतली,' एवढंच लिहिलं. टंकायला मलाच दिलं. "चुका करू नकोस," म्हणाले. 'कार्यालयाने' हा शब्द टंकताना माझा हात थांबला. त्यांनी पाहिलं. "पुढे लिही," म्हणाले.

टिपणाचं उत्तर म्हणजे बदलीचा हुकूम. पार वर, पहाडातल्या जिल्ह्यात. निरोपसमारंभाला ते आलेच नाहीत. त्या वेळी ते मुन्शी घाटावर बसून भुईमुगाच्या शेंगा खात होते, असं मला नंतर कळलं. 'शेजार' कागदावर मात्र सुरू राहिला. दर तिमाहीला एक बैठक, चहा आधी, फेरी कुठेच नाही. इतिवृत्त मी टंकत असे.

दोन वर्षांनी पहाडातून तार आली. हृदयविकाराचा झटका, कचेरीतच. मोठ्या साहेबांनी सगळ्यांना उभं केलं. दोन मिनिटांचं मौन पुरं व्हायच्या आत मागे कुणीतरी पंख्याचा वेग वाढवायला सांगितलं. मला तिथे थांबवेना. सायकल काढली आणि पोस्टात गेलो.

कुसुम खिडकीत होती. समोर लांब रांग, सगळी म्हातारी माणसं. मी बाजूच्या दाराने आत जाऊन तिच्या कानाशी सांगितलं. तिचा हात शिक्क्यावर होता. क्षणभर तसाच राहिला.

"कुठे?" तिने विचारलं.

"कचेरीत. टेबलावरच."

"बसा, दादा," ती म्हणाली. "रांग आहे."

मी एका स्टुलावर बसलो. तिने पुढच्या म्हातारीचा फॉर्म घेतला, वाचला, चुकलेलं नाव नीट लिहून दिलं, अंगठा कुठे लावायचा ते दाखवलं. मग पुढचा. मग त्याच्या पुढचा. डोळे वाहत होते, ती पदराने पुसत होती आणि शिक्का मारत होती. एका म्हाताऱ्याने विचारलं, "का हुआ बिटिया?" ती म्हणाली, "कुछ नहीं बाबा, आप नाम बोलिए."