येळवशीच्या दुसऱ्या दिवशीची हजेरी

माझं अक्षर सुरेख होतं. हे मी सांगत नाही, त्या वेळी अख्खं गाव सांगायचं, आणि ते ऐकायला मिळावं म्हणून मी दिवसातून दोन खेपा जास्तीच्या पाण्याला जायची. सातवी पास, तुळजापूरकडची, बेंबळीजवळच्या एका गावात सून म्हणून आलेली. आपण आलो म्हणजे गावात दिवाच लागला, असं त्या पोरीला वाटायचं. आज समोर आली तर तिचा कान धरून उन्हात उभी करीन.

गावातली जुनी शाळा निजामाच्या वेळची. माळवदाच्या दोन खोल्या, आणि माझे सासरे तिथले मास्तर. महाराष्ट्र झाल्यावर दोन-तीन वर्षांत गावाबाहेर नवी शाळा बांधली आणि जुनीला कुलूप लागलं. तेव्हा नव्या हेडमास्तरांनी टूम काढली, की जुन्या शाळेचा इतिहास गावानं मिळून लिहायचा. कुणी फुटकी पाटी आणून दिली, कुणी घंटेचा तुकडा. शाळेच्या फडताळातून चार हजेरीपट निघाले, सगळे उर्दूत. ते वाचू शकेल असं माणूस गावात एकच उरलेलं, माझे सासरे, आणि त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. म्हणून ठरलं की मामंजींनी वाचायचं आणि सूनबाईंनी वहीत उतरवायचं.

मामंजी अंगणात उन्हाला बसून, कागद नाकाला टेकवून एकेक नाव वाचायचे. पहिले आठ दिवस मी मान मोडून लिहिलं. मग कंटाळा आला. दहा नावं लिहायची आणि पुढं ‘इत्यादी’. मामंजी तिकडं चाळीस नावं वाचत असायचे आणि मी रिकामी लेखणी हवेत फिरवत बसायची.

“झालं का उतरून?”

“झालं, मामंजी.”

सातवीला मिळालेला तो शब्द मला फार आवडायचा. अर्ध्या गावाची पोरं मी त्यात कोंबली. रोजची हजेरी तर कुणाला नकोच होती. सरपंच म्हणाले, “नावं घ्या, वर्सं घ्या, बाकी रद्दी ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच.”

“रद्दी नव्हे ती,” मामंजी म्हणाले आणि मला पट माळ्यावर ठेवायला सांगितले. मग ते परंड्याला लेकीकडं गेले.

आमच्याकडं जुना कागद भिजवायचा, वाटलेल्या मेथ्या घालून उखळात कुटायचा आणि पालथ्या घागरीवर थापून त्याची टोपली करायची, अशी बायकांची रीत. निजामी कागद मोठा चिवट, तीन दिवस भिजला तेव्हा कुठं मऊ झाला. इतिहास तर वहीत उतरलाय, मग हे ओझं कशाला? चार पटांच्या मी तीन टोपल्या केल्या. वाळल्यावर अशा टणक झाल्या, की बोटानं वाजवल्या तर डफासारख्या वाजायच्या. शेजारणींना मी वाजवून दाखवत होते.

आणि एका दुपारी ती आली. वरच्या आळीची शेतकरी बाई, पन्नाशीची. तिचा एकुलता एक पोरगा पोलीस अॅक्शनच्या आदल्या हिवाळ्यात घरातून गेला होता तो परत आलाच नव्हता, एवढं मला ठाऊक होतं. ती उंबऱ्याशी बसली. मी त्यातल्याच एका टोपलीतल्या भाजलेल्या शेंगा तिच्यापुढं सरकवल्या.

“सूनबाई, मास्तर हायत का?”

“परंड्याला गेलेत, मावशी. पंधरा दिवस तरी येत नाहीत.”

“मग तूच बघ. तू लई शिकल्याली, समदं गाव म्हनतंय.”

मी फुगले. “बघू की. काय बघायचंय?”

“येळवशीच्या दुसऱ्या दिशी माझं पोरगं शाळेत हुतं का न्हाय, तेवढं बघ.”

येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येला, आमच्याकडं सगळं गाव शेतात जेवतं. दुसऱ्या दिवशी पोरं उरलेल्या भज्जी-भाकरीसाठी रानातच रेंगाळतात. तिला कुणीतरी सांगितलं, की तुझं पोरगं शाळा बुडवून ओढ्याला होतं.

“सांच्याला आलं तर म्हनतंय, शाळेतच हुतो, आय, मास्तराला इचार. म्या न्हाय इचारलं. चुलीतलं लाकूड घिऊन मारलं. सकाळी तोंड धुवाया म्हनून गेलं ते गेलंच.”

“मग मामंजींना तेव्हा नाही विचारलंत?”

“इचारलं की. मास्तर म्हनले, साठ पोरं, कसं ध्यानात ऱ्हाईल, पट बघाया पायजे. पट साहेबानं तपासाया तालुक्याला नेल्याला. फुडं रझाकारांची धामधूम. ऱ्हाऊनच गेलं. आता ऐकलं, पट तुमच्या घरी हायत.” बोलताना तिचा हात टोपलीतल्या शेंगांवरून फिरत होता. “हुतं का नव्हतं, येवढंच. दुसरं काय बी नगं.”

मी खरं सांगायला हवं होतं. पण शहाणीनं काय केलं, तर माळ्यावर चढल्यासारखं केलं, वही घेऊन आले, आणि एका ‘इत्यादी’वर बोट ठेवून म्हणाले, “हा बघा, मावशी. हजर.”

“हजर?”

“हजर!”

मला वाटलं, तिचा चेहरा उजळेल. तिच्या हातावर साखर ठेवावी असंही मनात आलं होतं. ती वहीकडं बघत राहिली. तिला अक्षर येत नव्हतं.

“म्हंजी खरंच बोलत हुतं,” ती म्हणाली. आणि मग, माझ्याकडं न बघता, “मग म्या कशापायी मारलं?”

“मावशी, थांबा, पुन्हा बघते. माझी चूक…”

“नगं. आता काय बघतीस.” ती शेंगा तशाच ठेवून गेली.

मामंजी परतले तेव्हा मी रडत सगळं सांगितलं. त्यांनी टोपली उचलली, नाकाजवळ धरली, कडेनं बोट फिरवलं.

“मी जाऊन खरं सांगते.”

“काय सांगशील? पट कुटला म्हणून? आज निदान पोरगं खरं बोलत होतं एवढं तिच्याकडं आहे. तेही काढून घेशील.”

“पण होता का तो शाळेत?”

“मला नाही आठवत गं. त्या दिवशी निम्मी शाळा रिकामीच असायची.”

नव्या शाळेत इतिहासाचं वाचन झालं. अक्षराचं कौतुक म्हणून मला नारळ दिला. ती आली नव्हती.

पण विहिरीवर गाठ पडली की घागर खाली ठेवून विचारायची. “सकाळच्या हजेरीला हुतं का दुपारच्या?” मी म्हणायची, दोन्हीला. कधी विचारायची, कुणाशेजारी बसलं होतं. तेही सांगायची. साठ नावं लिहायचा कंटाळा आलेल्या मला त्या एका पोराचा एक दिवस घटका-घटकेनं पाठ झाला होता, आणि त्यातलं काहीच खरं असल्याचं मला ठाऊक नव्हतं. एकदा चुकून दुसराच शेजारी सांगितला, तर तिनं लगेच धरलं. “मागं तर दुसरंच बोललीस.” तेव्हापासून मी जपून बोलायची.

पाच-सहा वर्षांनी ती आजारी पडली. कुणाला ओळखत नव्हती. पण मास्तराच्या सुनेला बोलवा, एवढंच म्हणायची, म्हणून मला बोलावणं आलं. मी बाजेशी बसले.

“शाळा सुटस्तवर हुतं?”

“सुटेपर्यंत होता, मावशी.”

तिनं तोंड भिंतीकडं केलं.