तारांखालची विभूती

मैत्रिणींनो, आज आमच्या घरातली इलेक्ट्रिक गिटार गेली. मन लागंना, म्हणून लिहितेय.

गिटार लेकीची, श्रद्धाची. पुण्याला नोकरी लागली आणि तिचं वाजवणं सुटलं. "आई, विकून टाका, धूळ खात पडलीय," म्हणाली. यांनी नांदेडच्या एका मुलीला शब्द दिला. ती आज सकाळी अहमदपूरला घ्यायला आली.

तिनं गिटार मांडीवर घेतली आणि थबकली. "काकू, तारांखाली ही राख कसली?"

राख नव्हे, विभूती. पूजा आटोपली की तशाच बोटांनी मी रोज अर्धा तास वाजवते. स्पीकरला जोडली नाही तर तिचा आवाज शेजारच्या खोलीतही जात नाही. मोबाइलवर बघून बघून शंकराची आरती अख्खी बसवली. घरात कुणालाच पत्ता नाही.

हे हसले. "हिनं गिटारीचीबी पूजा केली असंल! लई देवभोळी हाय."

"हाव, रोज पुसते ना मी," मीही हसून म्हणाले.

पोरीची नजर माझ्या डाव्या हातावर गेली. तारा दाबून दाबून बोटांना घट्टे पडलेत. "काकू, खरंच नेऊ?" तिनं हळूच विचारलं.

"ने बाई."

संध्याकाळी आरती म्हणताना बोटं आपोआप पदरावर तारा दाबत होती. एकदा तरी स्पीकरला जोडून मोठ्यानं वाजवायची होती.

श्रद्धा, तूही या ग्रुपात आहेस, वाचशीलच. बायांनो, "ही माझी आहे" एवढं म्हणायला तुमचीही जीभ अशीच अडते का?