मधल्या स्क्रूला कोणती वायर?

आमच्या सासऱ्यांनी, म्हणजे मामाजींनी, आयुष्यात कधीही कोणाला खरा प्रश्न विचारलेला नाही. म्हणजे प्रश्न ते दिवसभर विचारतात. सकाळी दूधवाल्यापासून सुरुवात होते ती टीव्हीवरच्या बातमीदारापर्यंत. पण ज्याचं उत्तर आपल्याला आधीच ठाऊक नाही असा प्रश्न त्यांच्या तोंडून निघालेला अख्ख्या अनसिंग गावात कोणी ऐकला नव्हता. ते मास्तर नव्हेत, चांगले शेतकरी आहेत. पण समोर माणूस दिसला की त्याची परीक्षा घेतल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. वाशीमच्या स्टँडवर अनसिंगची पाटी लावलेल्या एसटीपाशी उभे राहून ते कंडक्टरला विचारतात, "ही गाडी कुठं जाते?" तो बिचारा "अनसिंग" म्हणाला की मान डोलावून "बरोबर" म्हणतात आणि मगच पायरी चढतात. एकदा बीपी तपासणाऱ्या डॉक्टरलाच त्यांनी विचारलं, "बीपी कायनं वाढते?" डॉक्टरांनी मीठ, तेल, काळजी अशी सगळी कारणं सांगितली. मामाजी म्हणाले, "झोप राह्यली. अर्धे मार्क."

मी त्यांच्या मुलीला पाहायला गेलो तेव्हा चहा यायच्या आत मला प्रश्न आला होता, "तूर अन् सोयाबीन, आधी कोणतं निघते?" मी वाशीमच्या भर बाजारपेठेत वाढलेलो, तूर मी डाळीच्या रूपातच ओळखत होतो. छातीठोकपणे म्हणालो, "तूर." आतल्या खोलीतून कोणीतरी हसलं. ती आता माझी बायको आहे. मामाजी सासूबाईंकडे वळून म्हणाले, "नापास! पण चुकीचं बोलतानाही पोराच्या आवाजात दम आहे." आमचं लग्न असं ग्रेसच्या मार्कांवर झालं.

घरातली सगळी वायरिंग त्यांनी स्वतःच्या हातानं केलेली आहे. लोक खिशाला पेन लावतात, ते टेस्टर लावतात. लग्नाच्या पंगतीतही तो खिशात असतो. इलेक्ट्रिकवाल्याला त्यांनी आजवर उंबरठा ओलांडू दिलेला नाही. त्यांचा सगळ्यांत मोठा अभिमान म्हणजे जिन्याचं बटन. खाली लावायचं, वर जाऊन बंद करायचं. वर लावायचं, खाली येऊन बंद करायचं. पाहुणा आला की पाण्याच्या आधी त्याला जिना दाखवत. "खाली लावला, वर बंद झाला. कसा?" पाहुणा घाम पुसत राही, आणि मग मामाजी समजावत, "दोन बटनांच्या मधात करंटले जायाचे दोन रस्ते आहेत. मधल्या स्क्रूले लाल वायर, बाजूच्यांले काळी अन् निळी. समजलं? मंग सांगा आता, मधल्या स्क्रूले कोणती?" ह्या प्रश्नाचं उत्तर आमच्या घरात आता लहान मुलंसुद्धा झोपेत देतात.

यंदा अधिक महिना ज्येष्ठात आला. आम्हाला धोंड्याचं जेवण होतं, म्हणून बायकोला घेऊन मी अनसिंगला गेलो. घरात पाऊल टाकताच कळलं की वातावरण तंग आहे. वरचं बटन ठिणग्या टाकायला लागलं म्हणून मामाजींनी नवं बसवलं होतं, आणि तेव्हापासून जिन्याचा दिवा लहरी झाला होता. वरचं बटन खाली दाबलेलं असलं तर तळाच्या बटनानं दिवा लागायचा. पण कोणी वर जाऊन बंद केला, की खाली कितीही खटखट करा, अंधारच. मामाजींनी बोर्ड दोनदा उघडून दोनदा बंद केला होता. त्यातच गच्चीवर कुरडया न्यायला गेलेल्या सासूबाई सुपासकट घसरता घसरता वाचल्या. त्यांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं, "आज दिवे लागाच्या आत हा लाईट लागला नाही, तर उद्या इलेक्ट्रिकवाला घरात येईन!"

मामाजींचा चेहरा पडला. जेवताना त्यांनी मला एकही प्रश्न विचारला नाही, तेव्हाच मला काळजी वाटायला हवी होती.

जेवण झालं. मी नव्या कपड्यांत, जावयाला शोभेल अशा आळसानं लोडाला टेकलो होतो. मामाजी समोर उभे राहिले. "जवाईबापू, उठा. मोबाईलची बॅटरी लावा." त्यांनी मेन स्विच पाडला. ज्येष्ठाच्या दुपारी कूलर बंद पडला तसा स्वयंपाकघरातून अनारसे तळणाऱ्या सासूबाईंचा आवाज आला, "धोंड्याच्या महिन्यात जवायाले घामानं आंघोळ घालून राह्यले का तुमी?" बायको म्हणाली, "बाबा, त्यांचे कपडे नवे आहेत ना!" मामाजींनी दोघींनाही ऐकलं नाही.

जिना चहूबाजूंनी बंद. भर दुपारीही तिथे काळोख. वरच्या पायरीवर त्यांनी पेचकसानं बोर्ड उघडला, तिन्ही वायरी सोडवल्या आणि विचारलं, "मधल्या स्क्रूले कोणती?"

"लाल," मी म्हणालो.

"बरोबर. मंग यातली लाल कोणती?"

मी हसलो. "मामाजी, पुरणपोळ्या खाल्ल्या म्हणून काय झालं, एवढं येतं मला."

"बरोबर"ही आलं नाही, "नापास"ही आलं नाही. मी बघितलं, तर एक वायर त्यांनी चष्म्याच्या अगदी जवळ धरली होती. मग हात लांब नेला, मग पुन्हा जवळ आणला. ती काळी होती. खालच्या आवाजात ते म्हणाले, "सांगा ना, जवाईबापू. कोणती?"

माझं हसू तिथेच थांबलं. ही परीक्षा नव्हती. मला त्यांची फार माया आली. मी त्यांचं बोट धरून लाल वायरीवर ठेवलं. "ही लाल. तुमच्या हातात आहे ती काळी."

"हं," एवढंच ते म्हणाले. स्क्रू मात्र त्यांनीच आवळले.

"सापडलं का काही?" खालून सासूबाईंनी विचारलं. मामाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी ओरडून सांगितलं, "स्क्रू ढिला होता! मामाजींनी बरोबर शोधला!"

मेन चालू झाला. सासूबाईंनी पिठाच्या हातानं खालचं बटन दाबलं, दिवा लागला. मामाजींनी वरून बंद केला, सासूबाईंनी खालून लावला. मग दोघांनाही राहवेना. लाव, बंद कर, लाव, बंद कर, असा खेळच सुरू झाला, आणि कढईतला घाणा करपल्याचा वास आल्यावरच तो थांबला.

संध्याकाळी अनारशांच्या ताटात पितळी दिवा ठेवून आमची पाठवणी झाली. मामाजी स्टँडपर्यंत आले. बायको गाडीत चढल्यावर त्यांनी मला बाजूला ओढलं. "वाशीमले डोळ्याचा डॉक्टर कोणता चांगला आहे?" मी नाव सांगितलं आणि म्हणालो, "मी येतो सोबत." त्यांनी थोडा विचार केला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बरोबर."

ते बरोबर की चूक, हे त्यांना कुठून ठाऊक असणार! पण एवढे मार्क मला जन्मात मिळाले नव्हते.

आता त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं आहे. मग लाल लाल दिसेल, काळी काळी दिसेल, आणि ते पुन्हा कंडक्टरला विचारतील, गाडी कुठं जाते. पुढचा धोंडा तीन वर्षांनी. तोवर त्यांनी मला आणखी एखादा खरा प्रश्न विचारावा, असं कधी कधी वाटतं. मग वाटतं, नकोच. त्यांना सगळी उत्तरं येत असलेलीच बरी.