बाबांना उठवायचा कौल

बाबांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं, तेव्हा माझी आत्या त्यांचं करायला आमच्याकडे रत्नागिरीला आली. आई आधीच गेलेली, मी दिवसभर शाळेत शिकवायला. ही त्यांची थोरली, विधवा बहीण नसती तर आमचे हाल कुत्र्याने खाल्ले नसते. बाबांच्या पाठीला एक जखम होऊ दिली नाही तिने. शेजारणी म्हणायच्या, बहीण असावी तर अशी. ऐकून ऐकून माझे कान किटले.

कारण बाबा बरे होत होते आणि ते आत्याला खपत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, रोज धरून चालवा, नाहीतर पाय कायमचा जाईल. आत्या म्हणाली, "देवीला विचारल्याशिवाय मी नाही हो त्याला उठवायची."

आमच्याकडे कौल घेतल्याशिवाय विहीरसुद्धा खणत नाहीत, म्हणून मी गप्प बसले. गुरव मूर्तीला ओल्या कळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवीकडची आधी पडली तर हो, डावीकडची पडली तर नाही. आत्याचा प्रश्न होता, "उठवला तर पडेल काय?"

उजवी पडली. म्हणजे बाबा पडणार. पुढच्या खेपेला तोच प्रश्न, आणि डावी पडली. मी आनंदाने म्हटलं, "आत्ये, नाही पडणार!"

"डावा कौल तो. डाव्या कौलावर कोण काम काढतं गो?"

प्रश्न फिरवून विचार म्हटलं, तर देवीची परीक्षा बघत्येस काय म्हणून मलाच झापलं. गुरव मान खाली घालून कळ्या गोळा करत राहिले. मला तिघांचाही संताप आला, देवीसकट.

मग आत्याने बाबांच्या चपला बोहारणीला देऊन टाकल्या. माशात काटा राहू नये म्हणून घास आधी स्वतःच्या तोंडात घोळवून बाबांना भरवू लागली. बाबांचा उजवा हात धडधाकट होता. मला किळस यायची, भीतीही वाटायची, आणि बाबा मुकाट्याने आ करायचे.

एका रविवारी ती मालगुंडला लग्नाला गेली. मी दार लावून घेतलं आणि बाबांना उठवलं. पाय लटपटला, पण ते उभे राहिले. मला धरून ओटीपर्यंत आले. मी रडायलाच लागले. म्हटलं, "बाबा, संध्याकाळी आत्याला चालून दाखवू."

त्यांचा चेहरा उतरला. "तिला सांगू नकोस," ते म्हणाले. "मी चालायला लागलो तर ती परत जाईल."

आणि माझा हात सोडवून, भिंतीच्या आधाराने पाय ओढत, ते आपले आपण खाटेपर्यंत चालत गेले आणि पांघरूण ओढून घेतलं.