बारदानांचा आडोसा

रसायनांच्या अपघातात सापडलेल्यांवर पहिला उपचार कसा करायचा, हे शिकवण्यात माझी अग्निशमन दलातली सगळी नोकरी गेली. वर्गात मी एकच वाक्य घोकून घ्यायचो: आधी कपडे उतरवा, मग भरपूर पाणी. सरावाला माझ्या तुकडीतलीच पोरं हाफ पँटवर उभी राहायची, धो धो पाणी अंगावर घ्यायची आणि वर खिदळायची. सगळं कसं पुस्तकात छापल्यासारखं!

एका दुपारी वाघोलीच्या पुढे बटाट्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये अमोनियाची गळती झाली. वारा जिकडून येत होता त्या बाजूला आम्ही गाडी लावली, मुखवटे चढवले आणि आत अडकलेल्या एका मावशींना बाहेर आणलं. बटाटे निवडायच्या कामावरच्या, साठीच्या. शुद्धीवर होत्या, श्वासही बरा होता. पण चोळी घामाने चिंब होती, आणि ओल्या कापडात अमोनिया मुरला की तो कातडी भाजतच राहतो.

"मावशी, लुगडं सोडा, लवकर!" मी ओरडलो. त्यांनी पदर उलट आणखी घट्ट आवळला. पाईपाचं पाणी नुसतं वरून वाहून जात होतं, आत पोचतच नव्हतं. रस्त्यावर बघ्यांची ही गर्दी. माझं डोकं फिरलं.

"अहो, जीव प्यारा आहे की नाही?"

"हितं मरंन, पण सोडायची न्हाय."

मी पदराला हात घातला, तशा त्या अंग चोरून खालीच बसल्या. मिनिटं चालली होती आणि इतरांना शिकवणारे आम्ही शहाणे नुसते बोंबलत होतो.

शेवटी त्यांच्याबरोबर काम करणारी एक बाई तरातरा पुढे आली. "आवं सायेब, आदी तुमचं ह्ये काचंचं तोंड तिकडं फिरवा. अन् तुमच्या बाप्यांचंबी!" तिच्या हाकेसरशी आठ-दहा बायका आल्या, रिकामी बारदानं उंच धरून मावशींभोवती गोल उभ्या राहिल्या. तिने माझ्या हातातला पाईप काढून घेतला. मी पाठमोरा उभा राहून सांगत राहिलो: डोळे धुवा, केसांत पाणी सोडा, थांबू नका. इतकी साधी गोष्ट मला सुचू नये, याची मला भयंकर लाज वाटली.

आठवड्याने मी मावशींना बघायला दवाखान्यात गेलो. जिवाचा धोका टळला होता, पण पाठ चांगलीच भाजली होती. डाग जन्मभर राहणार, असं डॉक्टर म्हणाले. मी ओरडल्याबद्दल माफी मागितली. मावशी हसल्या.

"आरं लेकरा, जीवबी वाचला अन् लाजबी ऱ्हायली. पाठ कुनाला दावायची हाय?"

तो आडोसा पहिल्याच मिनिटाला झाला असता तर पाठही वाचली असती, हे त्यांना सांगायची हिंमत मला झाली नाही.