फारिया लिमाच्या राखणदाराचा स्लॅब

जेनिवालचा दिवस पहाटे चार वाजून चाळीस मिनिटांनी सुरू होई. गजराची गरज नव्हती. त्याच्या खोलीच्या भिंतीपलीकडे इमारतीचा पाण्याचा पंप होता आणि तो त्या वेळी आपोआप चालू होई. आवाज नेहमीचा असला तर जेनिवाल कॉफी ठेवी. खरखर असली तर कॉफी राहिली, आधी पाना घेऊन पंपाकडे.

ब्राझीलमधल्या साओ पावलोच्या फारिया लिमा रस्त्यावर बँका आणि गुंतवणुकीच्या कंपन्यांचे काचेचे मनोरे आहेत. त्यांच्या मागच्या गल्लीत अठरा मजल्यांची ही राहती इमारत. जेनिवाल तिचा राखणदार, आणि राखणदाराने तिथेच राहायचं असा करार. तळमजल्यावर, जनरेटर आणि कचऱ्याच्या पिंपांच्या मधोमध, त्याला दीड खोली मिळाली होती. खिडकीतून गाड्यांची चाकं दिसत. बायको लिंदाल्वा आठव्या आणि अकराव्या मजल्यावर इस्त्रीची कामं करी. अशी बावीस वर्षं झाली.

पाच वाजता फुटपाथ धुवायचा. सहाच्या आत तो वाळला पाहिजे, कारण मग चकचकीत बुटांची माणसं यायला लागत. धुवायचा म्हणजे नुसतं पाणी सोडायचं नाही. खराटा फरशीच्या रेषेने, दोनदा. मग पिंपं, दिवे, टाकी, लिफ्टचं यंत्र. समोरच्या मनोऱ्यांवर साहेबांची हेलिकॉप्टरं उतरत आणि त्यांच्या वाऱ्याने गच्चीवरचा पाचोळा पाणी जायच्या जाळीत जाऊन बसे. तो आठवड्यातून तीनदा हाताने काढायचा. काठीने काढला तर खाली ढकलला जातो आणि अठराव्या मजल्याचं छत गळतं. ते तसंही गळतच होतं. बांधताना गच्चीचा स्लॅब दोन दिवसांत भरला होता. जिथे पहिला दिवस संपला आणि दुसरा सुरू झाला, त्या रेषेतून दर पावसाळ्यात पाणी येई. जेनिवालने ती रेष नऊ वेळा डांबराने भरली होती.

त्या भागात गरीब माणसाला परवडेल असं खायला काही मिळत नाही. आसपासच्या फाटकांवरचे वॉचमन आणि झाडणाऱ्या बाया डबे घरून आणत, पण गरम करायला जागा नाही. ते लिंदाल्वाच्या शेगडीवर येत. दुपारी दीड खोलीत पाळीपाळीने आठ-दहा जण जेवून जात. एखाद्याला रविवारी गावाबाहेर आपल्या वस्तीत काही काम निघालं, तर जेनिवाल त्याचं फाटक सांभाळी. एकेका रविवारी तो रस्ता ओलांडून दोन-दोन फाटकं बघे. त्याला ते काम वाटत नसे. उभं राहण्यात कसली मेहनत, असं तो म्हणे.

सप्टेंबरमध्ये सोसायटीची सभा झाली. फाटक आता दूरच्या एका ऑफिसातून कॅमेऱ्यावर बघून उघडायचं ठरलं. राखणदार नको. अध्यक्षबाई डोना सिल्वाना, म्हणजे सिल्वानाबाई, स्वतः खाली आल्या आणि नीट बोलल्या. कायद्याने बसेल ते सगळं मिळेल, म्हणाल्या. खोली मात्र नोव्हेंबरअखेर रिकामी हवी होती.

त्याचं घर होतं, पण अर्धं. शहराच्या दक्षिण टोकाला, ग्राझाऊच्या टेकडीवर, लिंदाल्वाच्या भावाच्या घराला लागून बारा वर्षांपूर्वी जागा घेतलेली. महिन्याला त्याला एक रविवार सुट्टी मिळे, त्या दिवशी विटा लावायच्या. भिंती पूर्ण झाल्या होत्या. वर आभाळ होतं.

ग्राझाऊत स्लॅब कुणी मजूर लावून भरत नाही. रविवारी वस्ती गोळा होते, डोक्यावरून डबे वाहते, आणि दुपारी घरवाला काळ्या घेवड्याची आणि डुकराच्या मटणाची फेजोआदा वाढतो, बियर पाजतो. आज तू माझ्याकडे, उद्या मी तुझ्याकडे. जेनिवाल बारा वर्षांत एकाही स्लॅबला गेला नव्हता.

मेहुणा एदिल्सन गवंडी होता आणि तोंडाने फटकळ. त्याने ते ऐकवलंच. ‘दाजी, ज्यानं जन्मात कुणाचा एक डबा उचलला नाही, त्याच्या छपराला कोण येणार? मी येईन, माझे चार पोरगे येतील, आणि बायको येईल ती शिव्या देत येईल.’

त्याचं म्हणणं, फावड्याने काँक्रीट कालवू, आहेत तेवढ्या हातांनी अर्धा स्लॅब या रविवारी आणि अर्धा पुढच्या. जेनिवालला ते पटेना. अर्धा-अर्धा म्हणजे मध्ये सांधा, आणि सांधा म्हणजे काय ते त्याने डोक्यावर अठरा मजले घेऊन बघितलं होतं. शिवाय त्याच्या खोलीसमोर चार वर्षं एक मनोरा बांधला जात होता. काँक्रीटचा ट्रक यायचा, पंप लागायचा, एका सकाळी अख्खा मजला भरून व्हायचा. त्याने कुणाला न सांगता चार घनमीटर तयार काँक्रीट मागवलं.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी सव्वाआठला ट्रक आला आणि घराकडे जाणाऱ्या बोळाच्या तोंडाशी थांबला. बोळ सव्वा मीटर रुंद. ड्रायव्हरने आत बघितलं, मग जेनिवालकडे बघितलं. प्लॅस्टिक पसरून त्यावर सगळं ओतलं आणि सही घेतली. जाताना म्हणाला की ऊन आहे, अडीच तास धरा, नंतर हा ढीग इथेच पुतळा म्हणून राहील.

एदिल्सन ढिगाभोवती एक फेरी मारून आला. ‘दाजी, तुझ्या त्या रस्त्यावर याला पंप असतो. इथं पंप कुठाय?’

‘पंप आपणच,’ जेनिवाल म्हणाला.

‘आपण आठ जण आहोत.’

एदिल्सनने चिडायला वेळ घालवला नाही. हिशेब सरळ होता. पत्र्याचा अठरा लिटरचा डबा जरा कमी भरला तरी पस्तीस किलो होतो. असे पावणेतीनशे डबे. साठ मीटर बोळ, एकतीस पायऱ्या, मग फळ्यांचा उतार. जाऊन येऊन सात मिनिटं. दोघं वर पसरायला हवेत, एक खाली भरायला. वाहायला उरले पाच. पाच जणांनी जीव तोडला तरी अडीच तासांत निम्मेही डबे होत नव्हते. बाकीचं काँक्रीट बोळात मरणार होतं, आणि दुसरं मागवायला जेनिवालकडे काही शिल्लक नव्हतं.

शेजारी दारात उभे होते. वाईट माणसं नव्हती. बरेचसे त्या दिवशी टेकडीखाली दुसऱ्याच्या स्लॅबला गेले होते, तिथे त्यांचं देणं होतं. इथे नव्हतं.

जेनिवालने पहिले तीन डबे खांद्यावरून नेले. चौथ्याला शेजारच्या डोना झुलेइदेने त्याला पायरीवर अडवलं आणि जुन्या पोलक्याची चुंबळ करून त्याच्या डोक्यावर ठेवली. ‘खांद्यानं दहावी खेप होत नाही. मान ताठ, नजर समोर. पायाकडं बघशील तर डब्यासकट खाली येशील.’ तिने स्वतःही एक डबा घेतला. अठ्ठावन्न वर्षांची बाई, पाय न अडखळता वर गेली.

चाळीस मिनिटांत तीसच डबे वर गेले. ढीग जसाच्या तसा दिसत होता. एदिल्सन वरून ओरडला की ओली गोणपाटं टाका त्याच्यावर, भाजतंय ते.

तेव्हा बोळाच्या तोंडाशी अकरा माणसं आली. पुढे वाल्देमीर, समोरच्या इमारतीचा रात्रपाळीचा वॉचमन, अंगात अजून गणवेश. मागे गल्लीतले बाकीचे वॉचमन, गॅरेजवाले, दोन झाडणाऱ्या बाया. सातला पाळी सुटल्यावर दोन गाड्या बदलून आले होते.

जेनिवालने डबा उतरवून विचारलं, यांना कुणी सांगितलं. लिंदाल्वा डोक्यावर डबा घेऊन पायऱ्या चढत होती. मान न वळवता म्हणाली, ‘मी. तुला विचारलं असतं तर नको म्हणाला असतास.’

‘ही माणसं रात्रभर जागी आहेत,’ जेनिवाल म्हणाला.

‘जागायचाच पगार घेतो मी,’ वाल्देमीर म्हणाला. त्याने टोपी काढून चुंबळीसारखी डोक्यावर दाबली. ‘माझा स्लॅब भरला त्या रविवारी माझ्या फाटकावर बारा तास कोण उभं होतं? सुट्टी मागितली असती तर मला काढलं असतं. आता बोलत बसू नकोस, डबा इकडे दे.’

जेनिवालने डबा दिला.

मग रांग लागली. चढणारे उजवीकडून, रिकामे उतरणारे डावीकडून. कुणी थांबायचं नाही, थांबलं की मागचे पाच जण पस्तीस किलोसकट थांबतात. वाल्देमीरचे गणवेशाचे बूट फळीवर घसरत, तेव्हा त्याने ते काढले आणि अनवाणी वाहिलं. दारातले शेजारी थोडा वेळ बघत राहिले. बँकांच्या रस्त्यावरची माणसं आपल्या बोळात डबे वाहतात आणि आपण कॉफी पितो, हे बरं दिसेना. एकेक करून सहा-सात जण रांगेत घुसले. त्यांतला एक म्हातारा वाल्देमीरला म्हणाला की साहेब, डबा थोडा कमी भरा, तुमच्याकडे लिफ्ट असते. वाल्देमीर म्हणाला, लिफ्टनं साहेब जातात काका, आम्ही तिचं दार पुसतो.

जेनिवालने एकवीस खेपा केल्या. मधल्या पाच-सहा वाईट होत्या. नंतर डबा कसा तोलायचा ते शरीराला कळलं. एदिल्सनने मोजल्या होत्या, कारण त्याला कमी भरतील अशी आशा होती.

अकराला दहा कमी असताना जेनिवाल डबा घेऊन वर आला, तर एदिल्सनने तो ओतू दिला नाही. हातात घेऊन दाबून बघितलं. ‘हे मेलं. वर नको.’

‘कोपरा राहिलाय.’

‘राहू दे. मेलेलं घातलं तर तडा जाईल. मला काम शिकवू नकोस, दाजी.’

न्हाणीच्या वरचा तेवढा कोपरा उघडा होता. तीस-पस्तीस डबे वाया गेले, ते बोळातल्या खड्ड्यांत पसरून टाकले. कोपऱ्यासाठी एदिल्सनने दोन गोण्या सिमेंट काढलं, कडा खरवडून ओली केली आणि फावड्याने कालवून हाताने भरलं. म्हणजे सांधा झालाच. जेनिवालने तो बघितला.

फेजोआदा आठ जणांच्या हिशेबाने नव्हती, लिंदाल्वाने मोठं पातेलं चढवलं होतं. तरी भात दोनदा शिजवावा लागला. वाल्देमीर ताट मांडीवर घेऊन बसल्या जागी झोपला, त्याला रात्री परत फाटकावर उभं राहायचं होतं.

पुढचा आठवडाभर डोना झुलेइदेने सकाळ-संध्याकाळ स्लॅबला पाणी मारलं. टेकू चार आठवडे काढले नाहीत. एकोणतीस नोव्हेंबरला जेनिवालने चाव्या अध्यक्षबाईंकडे दिल्या. पंपाबद्दल सांगायला त्याने कागद लिहिला होता, पण तो कुणाला द्यायचा ते ठरेना, तेव्हा पंपाच्या दारालाच चिकटवला.

डिसेंबरच्या पावसात न्हाणीच्या कोपऱ्याला ओल आली. जेनिवाल वर चढून डांबर भरून आला. बावीस वर्षांच्या पगारातून जमीन, विटा, सळया आणि चार घनमीटर काँक्रीट आलं. त्यातलं अर्धा घनमीटर बोळात आहे. बाकीच्याचं बेचाळीस चौरस मीटर छप्पर झालं, आणि त्याखाली तो आणि लिंदाल्वा राहतात.