साडभाऊ आणि वाकडी रांग

आमच्या साडभाऊंइतकं सरळ रेषेवर प्रेम उभ्या चंद्रपूर जिल्ह्यात कुणी केलं नसेल. बायकोवरही नाही, असं त्यांची बायको, म्हणजे माझी मेहुणीच सांगते. ऊर्जानगरच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेला हा गृहस्थ कुणाकडे गेला की आधी भिंतीवरचं कॅलेंडर सरळ करतो, मग दारातल्या चपला जोडीनं लावतो आणि मग पाणी पितो. पुतणीच्या लग्नात पंगत तिरपी बसली म्हणून यांनी वरण वाढून झाल्यावर सगळ्यांना उठवलं होतं. व्याही अजून बोलत नाहीत.

अशा माणसाच्या हाती ड्रोन आला, म्हणजे बघा. एका सोलर कंपनीनं त्यांना बांधकाम तपासायला ठेवलं: वरून फोटो काढायचे, खांब आणि पॅनेल नीट बसलेत का ते पाहायचं, चुका कळवायच्या. साडभाऊंना स्वर्ग दोन बोटं उरला. जेवता जेवता मोबाइल माझ्या नाकाशी धरून म्हणायचे, "पाहून घे, पट्टीनं आखल्यासारखी रांग हाय."

धानोऱ्याकडच्या कामावर मात्र एक रांग मध्येच वळलेली दिसली. साडभाऊ तणतणत तिथं निघाले. मी सोबत होतो. वळणावर मोहाचं झाड होतं आणि खाली एक म्हातारी फुलं वेचत होती.

"मजुरायनं खांब सरकवले, भाऊ," ती म्हणाली. "आमच्याच गावचे पोट्टे हायेत. त्यायच्या माया-आज्या इथीच मोह वेचत आल्या. तुमी चूक लिवसान तं साहेब झाड तोडतीन."

साडभाऊ दाढ दुखत असल्यासारखा चेहरा करून त्या रांगेकडे बघत राहिले. मग तिथंच बांधावर बसून त्यांनी मोबाइलवर अहवाल लिहिला: रांग झाडासाठी वळवली आहे, ती तशीच ठेवावी, सावलीत येणारी पॅनेल दुसऱ्या टोकाला न्यावीत.

लगेच साहेबांचा फोन आला. "काका, हे तुम्ही लिहिलं?"

"मीच लिवलं. झाडाले हात लावू नका."

झाड राहिलं. मला साडभाऊंचा फार अभिमान वाटला, पण तोंडावर सांगायचं राहूनच गेलं.

हल्ली त्यांचा हात थरथरतो, ड्रोन सुटला. परवा आमच्याकडे आले. कॅलेंडर वाकडं होतं. हात वर गेला आणि थांबला. त्यांनी माझ्या बायकोला विचारलं, "बाई, हे मुद्दाम वाकडं ठेवलं हाय का?"

"नाई भाऊजी, असंच."

तेव्हा कुठं त्यांनी ते सरळ केलं. हात हलला, ते तिरपंच राहिलं, आणि त्यांना ते दिसलं नाही. ते गेल्यावर बायको नीट करायला उठली. मी म्हटलं, राहू दे.